कलम एक्केचाळीस

सोमवारी अकराच्या चहाला विहिरींचा कायदा गेला, आणि बाराच्या सुमारास एक म्हातारा आपली विहीर खांद्यावर घेऊन विधी कक्षात आला. विहीर सतरंजीसारखी गुंडाळलेली होती. आत पाणी असल्यामुळे तो जपून चालत होता.

"कुठी ठेवू जी?" त्यानं दारातून विचारलं.

काळमेघबाईंनी फाइलीतून मान वर केली. "काय आहे?"

"विहीर हाय. सांडन म्हनून हळू हळू आनली. आन हा अर्ज."

अर्ज पासष्ट सालचा होता. शाई ओली होती. मंजुरीचा शिक्का जिथं असायला हवा तिथं कागद कोरा होता. बाईंनी अर्ज उजेडात धरून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. शिक्का पुसलेला नव्हता, तो कधी पडलाच नव्हता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत.

कुमुद काळमेघ या वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी विधी कक्षात कक्ष अधिकारी होत्या. तीस वर्षं कायद्यांचे मसुदे करून करून त्यांचं बोलणंसुद्धा मसुद्यासारखं झालं होतं. भाजीवालीलाही त्या 'उक्त वांगी' म्हणतात, अशी चेष्टा कक्षात चालायची. तेवीस जुने कायदे मोडीत काढून त्यांच्या जागी एकच नवा कायदा आणायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा तो मसुदा साहजिकच बाईंच्या टेबलावर आला. हा कायदा छापायचा नव्हता. तो पोर्टलवर भरायचा होता, आणि एकदा भरला की पोर्टल तो आपणहून अमलात आणणार होतं, मधे माणसाचं काम नाही. पोर्टलवर कलमांसाठी चाळीस रकाने होते. बाईंची कलमं एक्केचाळीस झाली.

एक्केचाळिसावं कलम म्हणजे कायद्याचं शेवटचं कलम. जुना कायदा रद्द झाला तरी त्याखाली आजवर जे काही केलं ते कायम राहील, एवढंच ते सांगतं. तीस वर्षांत ते कुणी वाचताना बाईंनी पाहिलं नव्हतं. वकील वाचत नसत, साहेब वाचत नसत, आणि टंकलेखक ते डोळे मिटून टाइप करत. ही काय सांगायची गोष्ट आहे, असं म्हणून बाईंनी तेच एक कलम काढून टाकलं आणि 'सादर करा' हे बटण दाबलं. मसुदा गेला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मुलीसाठी पावशेर जिलबी नेली.

माणसाला न सांगता कळतं. पोर्टलला सांगावं लागतं. अनुसूचीतले तेवीस कायदे ते ओळीनं, कामाच्या दिवशी एक, असे रद्द करू लागलं, आणि ज्या कायद्याखाली जे झालं होतं ते न झालेलं होऊ लागलं. विहिरींचा कायदा अनुसूचीत पहिला होता. एकोणिसावा होता दत्तक नोंदणीचा.

सतरा वर्षांपूर्वी त्याच कायद्याखाली, लग्न न केलेल्या काळमेघबाईंनी अनाथ मुलांच्या एका संस्थेतून तीन वर्षांची एक मुलगी घरी आणली होती. बाईंनी बोटांवर दिवस मोजले. चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी अकरा वाजता नीरजा त्यांची मुलगी राहणार नव्हती.

"आजोबा, काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "चूक आमची आहे. दुरुस्त करून घेते."

"नका करू बाप्पा," म्हातारा घाईघाईनं म्हणाला. त्यानं विहीर कपाटामागं नीट उभी केली आणि उपरण्यानं मान पुसली. "पान्याच्या पाळीवरून भावासंगं चाळीस वर्सं बोलनं नाही. आता विहीरच नाही त भांडन कायचं? सुटलो मी."

तो बाकावर बसला आणि लगेच घोरू लागला.

मंगळवारी नोंदणी विवाहांचा कायदा गेला. लग्नाच्या दिवशीचे कपडे घालून जोडपी येऊ लागली आणि बाकाच्या दोन टोकांना बसू लागली. त्यांतल्या एका बाईंना त्यांचं नऊवारी आता पुरत नव्हतं, पण चेहरा असा खुलला होता की पाहत राहावं. त्यांनी शेजारच्या टकल्या गृहस्थांना विचारलं, "आपलं नाव काय?" त्यांनी नाव सांगितलं. "छान आहे," नऊवारीतल्या बाई म्हणाल्या आणि दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागले.

काळमेघबाई शुद्धिपत्रक घेऊन पुंडकर साहेबांकडे गेल्या. छापील कायद्यात चूक निघाली की शुद्धिपत्रक काढायचं, वर साहेबांची सही घ्यायची, खाली तारीख टाकायची, विषय संपला. आजवर असंच चालत आलं होतं. पुंडकर साहेबांना पित्ताचा त्रास होता. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "सही करतो हो मॅडम, पण ही लावायची कुठं? पोर्टलवर शुद्धिपत्रकाचा रकाना आहे का?"

"नाही, सर."

"मग वरून रकाना मागवा. तोवर चर्चा करू."

सहाव्या दिवशी बांधकाम परवानग्यांचा कायदा गेला, तेव्हा विधी कक्षाच्या इमारतीचा नकाशाही नामंजूर झाला. भिंती रोज हातभर आत येऊ लागल्या. गुलाबराव शिपाई, जे या कक्षात बाईंच्याही आधीपासून होते, रोज सकाळी येऊन टेबलं जवळ सरकवायचे आणि खडूनं जमिनीवर भिंतीची नवी रेघ मारायचे. कुणी तक्रार केली नाही. बाकावरची माणसं एकमेकांना जागा करून देत होती. शिळ्या पाण्याचा आणि अत्तराचा असा एक संमिश्र वास खोलीत भरून राहिला होता.

नवव्या दिवशी पदनिर्मितीचा कायदा गेला. पुंडकर साहेब पॉलिश केलेले बूट घालून, हातात प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन बाकावर येऊन बसले. केस काळे झाले होते. छातीवरचा हात निघाला होता.

"सर, रकान्याचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मला सर काय म्हणता मॅडम, मी उमेदवार आहे," ते हसत म्हणाले. "मुलाखत कधी आहे हो? नाही, घाई काही नाही. मी सकाळी दोन भजी खाल्ली. काही झालं नाही."

शेवटी बाईंनी पोर्टलच्या मदत क्रमांकावर फोन लावला. घोंगे नावाच्या माणसानं तो उचलला. त्याच्या मागं अजिबात आवाज नव्हता, जणू तो रिकाम्या टाकीत बसला होता.

"पोर्टलवर हरकती आणि सूचनांची खिडकी आहे ना, मॅडम," तो म्हणाला. "बाधित नागरिकानं हरकत घेतली की कलम वाढतं."

"मी घेते."

"तुम्ही कर्मचारी. कर्मचारी बाधित नसतो."

बाईंनी बाकावरच्या सगळ्यांना हात जोडले. एकानं तरी हरकत घ्या, म्हणाल्या. सगळे खाली बघू लागले. शेवटी विहिरीच्या म्हाताऱ्याला त्यांची दया आली. "आन पोरी, घेतो मी," असं म्हणून त्यानं अंगठा लावला. खिडकीनं विचारलं: तुमचं काय गेलं? म्हाताऱ्यानं बोटांवर मोजून पाहिलं. खोटं त्याच्यानं बोलवलं नाही. "काई नाही," तो म्हणाला. खिडकीवर अक्षरं उमटली: हरकत निकाली.

"हरकत खरी लागते, मॅडम," घोंगे फोनवर म्हणाला. "ज्याला सुटल्यासारखं वाटतंय त्याची चालत नाही."

बाईंना आता सगळा प्रश्न स्पष्ट दिसला. गुरुवारी अकरा वाजेपर्यंत नीरजा बाधित नव्हती. अकरानंतर ती बाधित होती, पण आपलं काय गेलं हे तिला ठाऊक असणार नव्हतं. आणि तिला सुटल्यासारखं वाटलं तर?

तसं वाटायला कारण होतं. नीरजाला हैदराबादला नोकरी लागली होती. तीन महिने ती विचारत होती आणि तीन महिने बाई उत्तर देत नव्हत्या. चौथ्या आठवड्याच्या बुधवारी संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नीरजा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, उद्या पावणेपाचची गाडी आहे. हो की नाही, एवढं तरी सांग."

"विचाराधीन आहे," बाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"तीन महिने विचाराधीन आहे! मी मुलगी आहे की फाइल आहे गं तुझी?" नीरजानं कुर्ता बॅगेत कोंबला. "कधी कधी वाटतं, सुटावं एकदाचं इथून."

"नीरू, उद्या अकरानंतर तुला कदाचित मी आठवणार नाही."

"ऑफिसचं घरी आणू नकोस," नीरजा म्हणाली. तरी पण ती आईच्या ताटाशी येऊन बसली आणि न विचारता भाकरीचा वरचा पापुद्रा काढून घेतला. लहानपणापासूनचा तो तिचा हक्काचा. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी खोली एका टेबलाएवढी आणि एका बाकाएवढी उरली होती. बाकावरच्या माणसांचे गुडघे बाईंच्या टेबलाला लागत होते. गुलाबरावांनी अकराला चहा आणला आणि तो हातोहात मागं पोचवला. बाईंनी चहा घेतला नाही. त्या दाराकडे बघत बसल्या.

बाराला नीरजा आली. खांद्याला हैदराबादची बॅग होती, हातात अर्ज होता. अर्जावर बाईंचं सतरा वर्षांपूर्वीचं अक्षर होतं. तेव्हा त्या 'मुलगी' हा शब्द फार काळजीपूर्वक, गोल गोल काढायच्या.

"मॅडम, हे इथंच द्यायचं का?" नीरजानं विचारलं.

"इथंच," बाई म्हणाल्या. "नाव?"

"सगुणा. संस्थेत ठेवलेलं आहे. पुढचं काही नाही."

"बसा," बाई म्हणाल्या. आपल्या मुलीला अहोजाहो करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी अर्जावर क्रमांक टाकला, एकशे बारा, आणि तो इतर अर्जांवर ठेवला. दुसरं काही करायला नियमात नव्हतं.

म्हाताऱ्यानं सरकून नीरजाला जागा दिली. "कसं वाटून रायलं?" त्यानं विचारलं.

"हलकं वाटतंय," नीरजा म्हणाली.

"सगळ्यायलेच वाटते."

पुंडकरांनी तिला मुलाखतीच्या शुभेच्छा दिल्या. नऊवारीतल्या बाईंनी तिच्या कुर्त्याचा रंग छान आहे म्हणून सांगितलं. नीरजा सगळ्यांशी हसून बोलत होती. तिला इतकं मोकळं हसताना बाईंनी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या मनात आलं की ही अशीच हसत हैदराबादला गेली तर काय वाईट आहे. असं मनात आल्याचा त्यांना लगेच राग आला. वाईट होतं. त्यांना ही मुलगी हवी होती, रडकी, भांडखोर, कशीही.

एक वाजला. भिंत बाईंच्या खुर्चीच्या पाठीला टेकली. बाईंनी डबा उघडला. एवढ्या लोकांसमोर जेवायची लाज वाटत होती, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. हात सवयीनं चालले. त्यांनी ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोडवला आणि डब्याच्या झाकणात बाजूला ठेवला, जसा सतरा वर्षं ठेवत आल्या होत्या.

बाकावरून एक हात आला आणि त्यानं पापुद्रा उचलला.

नीरजानं तो दोन घासांत संपवला. मग ती थांबली आणि आपल्या रिकाम्या हाताकडे बघू लागली.

"मॅडम, माफ करा. मी हे का घेतलं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"मी अशी कुणाच्या डब्यातलं घेत नाही."

"नसाल घेत."

म्हातारा काहीतरी बोलत होता, नीरजाचं लक्ष नव्हतं. ती पुन्हा पुन्हा झाकणाकडे बघत होती. मग तिचे डोळे भरून आले आणि ते का भरले हे तिला कळेना, म्हणून ती चिडली. चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तो झाला.

"माझं काहीतरी गेलंय," ती मोठ्यानं म्हणाली.

"असं वाटते सुरुवातीले," म्हातारा म्हणाला.

"नाही हो आजोबा, खरंच गेलंय." तिनं फोन काढला, पोर्टलवरची खिडकी उघडली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बाकावरचे सगळे मागं रेलले, कारण सुटलेल्या माणसांना अशा वेळी जवळ थांबायला आवडत नाही. बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवले.

खिडकीनं विचारलं: तुमचं काय गेलं?

नीरजानं लिहिलं: माहीत नाही. पण गेलंय.

पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. भिंत आणखी चार बोटं आत आली आणि बाईंची खुर्ची टेबलात दाबली गेली. नंतर खिडकीनं विचारलं: सूचना?

या प्रश्नाचं उत्तर बाईंना तोंडपाठ होतं. सव्वा पान लांबीचं एकच वाक्य, तीन 'जणू काही' आणि चार 'तथापि' असलेलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. नीरजानं अंगठ्यानं नाक पुसलं आणि लिहिलं: जे झालंय ते झालेलं राहू द्या.

चक्र थांबलं. चाळीस रकान्यांच्या खाली एक्केचाळिसावा रकाना उघडला आणि ते वाक्य त्यात जाऊन बसलं.

आधी कपाटामागून पाणी हलल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यानं उठून विहीर खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. ती जड झाली होती. दोघातिघांनी हात लावला. "चाललो बाप्पा," तो म्हणाला. "भाऊ वाट पाहत असन, भांडाले." हे सांगताना तो चक्क खूश दिसत होता. टकल्या गृहस्थांनी नऊवारीतल्या बाईंना विचारलं, "तू निघताना गॅस बंद केला होतास का?" त्या म्हणाल्या, "दरवेळी मलाच विचारा," आणि दोघंही एकमेकांवर ओरडत जिना उतरले. पुंडकर साहेबांनी छातीवर हात ठेवला. "ती भजी," ते कण्हत म्हणाले, "आत्ता लागली," आणि आपल्या केबिनकडे गेले. भिंत खुर्चीच्या पाठीवरून निघाली आणि हळूहळू आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. गुलाबरावांनी खडूच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या.

नीरजा एव्हाना बाकावरून उठली होती. तिच्या फोनवर अक्षरं आली: अर्ज क्रमांक ११२ मंजूर. ताबा द्यावा.

"मांडीवर घ्या लागते, मॅडम," गुलाबराव म्हणाले. "तवाही घेतलं होतं तुमी. याच खुर्चीत."

बाईंनी खुर्ची मागं ओढली. नीरजानं बॅग खाली ठेवली आणि ती बाईंच्या मांडीवर बसली. ती तीन वर्षांच्या मुलीएवढी हलकी होती. बाईंनी तिला दोन्ही हातांनी कवळलं, तिच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि लोकांदेखत रडल्या. इतकं बरं त्यांना तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

"आई," नीरजा म्हणाली, "रडतेस काय अशी? डब्यात मीठ कमी होतं आज."

"हैदराबादचं मंजूर आहे," बाई म्हणाल्या.

"खरंच?"

"मंजूर म्हणजे मंजूर."

नीरजाचं वजन वाढत होतं. चौथं वर्ष आलं, पाचवं आलं. शाळेची वर्षं भराभर आली, दहावीचं जरा जास्त जड होतं. बाईंना प्रत्येक वर्ष मांडीला कळत होतं. विसावं येऊन बसलं, आणि आता ते थांबेल असं त्यांना वाटलं. अजून न जगलेलं एकविसावंही आलं. मग बाविसावं.

"जड झाले का गं? उठू का?"

"बस," बाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांसमोर नीरजाची वेणी होती. वेणीत त्यांना एक पांढरा केस दिसला, थोड्या वेळानं शेजारी दुसरा दिसला. बाईंच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते आणि स्टेशन पंधरा मिनिटांवर होतं, म्हणजे वेळ पुष्कळ होता. बाईंनी हातांचा विळखा आणखी घट्ट केला, आणि खुर्चीचा पुढचा पाय फरशीत बोटभर रुतला.